कोकणात धंदा उभारणे, विकणे आणि त्यानंतरचे दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न काजू कारखाना, आंब्याचे कॅनिंग, कोकम-सरबताचे युनिट, होमस्टे असे लहान-मध्यम धंदे चालवणारे लोक विचारतात. उदाहरणे बहुतेक काजूची आहेत. वेंगुर्ल्यापासून दोडामार्गापर्यंत त्याचेच कारखाने जास्त, आणि विक्रीत जे काही बिघडू शकते ते सगळे काजूत एका जागी सापडते.

धंदा विकायचा तर तयारी कधीपासून करायची?

तीन हंगाम आधी. खरेदीदार आणि त्याची बँक तीन वर्षांचे ताळेबंद मागतात. शेवटच्या वर्षी अचानक नफा वाढलेला दिसला तर त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. पहिल्या वर्षी घरखर्च आणि धंद्याचा खर्च वेगळा करा. दुसऱ्या वर्षी जमिनीचे कागद हातात घ्या. तिसऱ्या वर्षी स्वतः महिनाभर कारखान्यापासून लांब राहून बघा. महिनाभरात बी खरेदीचा दर कोणी ठरवला, बोरम्याचे (गर सुकवायच्या भट्टीचे) तापमान कोणी बघितले, मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन कोणी उचलला, याची उत्तरे मिळाली तर धंदा विकण्याजोगा आहे. सगळ्याला "मालकच" हे उत्तर असेल तर तुमच्याकडे विकायला शेड आणि यंत्रे आहेत, धंदा नाही.

आत्ता कुठे सुरुवात करतोय. विकण्याचा विचार इतक्यात कशाला?

कारण काही गोष्टी सुरुवातीला स्वस्तात होतात आणि पंधरा वर्षांनी लाखात जातात. कारखान्याचा वीजमीटर घरापासून वेगळा घ्या. ब्रँडचे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवा. आडनाव किंवा कुलदैवताचे नाव ब्रँडला देण्याआधी दोनदा विचार करा, कारण ते नाव उद्या दुसऱ्याच्या पिशवीवर छापलेले बघणे घरच्यांना जड जाते. धंद्यासाठी सिमकार्ड वेगळे ठेवा. बी घालणारे दीडशे शेतकरी आणि माल घेणारे चाळीस दुकानदार त्याच नंबरावर असतात. तो नंबर खासगी असला तर विक्रीच्या दिवशी तुम्ही एक तर ग्राहक देत नाही, नाहीतर स्वतःचा फोन देता.

किंमत कशी ठरते? शेजारच्या गावातला कारखाना दीड कोटीला गेला म्हणतात.

त्या दीड कोटीत जमीन किती आणि गोदामातला माल किती होता ते आधी विचारा. बहुतेक वेळा धंद्याची किंमत त्यात सर्वात लहान निघते.

समजा, कारखाना दिवसाला ८० किलोची ५ पोती फोडतो. वर्षाला २५० दिवस धरले तर १०० टन बी झाली. ताळेबंदात नफा १८ लाख दिसतो. त्यातून तुमचा पगार वजा करा. तुमच्या जागी व्यवस्थापक ठेवला तर वर्षाला ६ लाख लागतील. पत्नी ग्रेडिंग आणि हिशेब सांभाळते, त्याचे ३ लाख. शेड स्वतःच्या जागेत आहे म्हणून भाडे पडत नाही, पण खरेदीदाराला पडेल. ते १ लाख ८० हजार. उरले ७ लाख २० हजार. हा खरा नफा. लहान धंद्यात बोलणी साधारण याच आकड्याच्या दोन ते चार पटींत होतात. यंत्रे चांगली असतील, ग्राहक पसरलेले असतील, तर वरच्या बाजूला. निम्मा माल एकच व्यापारी उचलत असेल तर खालच्या बाजूला.

जमीन आणि माल यांचा हिशेब यात धरायचा नाही. त्यांचे मोल वेगळे करायचे.

माल धरून एकच रक्कम ठरवली तर काय बिघडते?

कोकणातल्या विक्रीत सर्वाधिक भांडणे इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

काजू बी येते फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत आणि फोडायची वर्षभर. म्हणजे मेअखेर गोदामात सत्तर-ऐंशी टन बी असू शकते. किलोला १५० रुपये धरले तर तो एक कोटीच्या वरचा माल झाला. पुढच्या जानेवारीअखेर त्याच गोदामात चार-पाच टन उरलेले असते. डिसेंबरात "सगळ्यासकट अमुक इतके" असे तोंडी ठरले आणि कागद एप्रिलमध्ये झाला, तर मधल्या काळात भरलेले गोदाम कोणाचे? विक्रेता म्हणतो माझे, खरेदीदार म्हणतो ठरल्या रकमेत. त्यात बँकेचे कॅश क्रेडिट (फिरते कर्ज) त्याच मालावर घेतलेले असते.

योग्य पद्धत अशी : धंद्याची किंमत आणि मालाची किंमत करारात वेगळ्या लिहाव्यात. माल ताब्याच्या दिवशी दोघांसमोर मोजायचा. तयार गर ग्रेडप्रमाणे तोलावा. डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० (अख्खा गर, आकडा म्हणजे पौंडात साधारण किती बसतात), पाकळी, तुकडा, प्रत्येकाचा दर आधी ठरलेला असावा.

बी नुसती तोलून चालत नाही, फोडून बघावी लागते. थप्पीच्या वरच्या, मधल्या आणि भिंतीकडच्या पोत्यांतून नमुना काढा. सगळा एकत्र करून त्यातला १ किलो घ्या, बिया मोजा आणि कापा. चांगला गर, डागी गर आणि सडका-पोचट असे तीन ढीग करा. सालीसकट चांगल्या गराचे वजन, अधिक डागी गराचे निम्मे वजन, हा उतारा. ग्रॅममधल्या या आकड्याला ०.१७६ ने गुणले की ८० किलोच्या पोत्यामागे पौंडातला उतारा मिळतो. २८० ग्रॅम निघाले तर सुमारे ४९ पौंड. भिंतीकडचे पोते टाळून नमुना घेतला जात असेल तर हटकून थांबवा. पावसाळ्यात ओल तिथेच धरते आणि बुरशीही तिथूनच सुरू होते.

ताबा द्यायला जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य उत्तम. गोदाम रिकामे असते, नवी बी आलेली नसते आणि खरेदीदाराला बँकेची कर्जमर्यादा मंजूर करून घेऊन हंगाम गाठता येतो. मेमध्ये ताबा देणे म्हणजे निम्मी विक्री मालाचीच.

जमीन सामाईक आहे. भाऊबंद मुंबईत. विकता येईल का?

तुमच्या हिश्शापुरतेच. सातबाऱ्यावर बारा नावे असतील आणि वाटप झालेले नसेल, तर कारखाना तुम्ही बांधला तरी खालची जमीन बारा जणांची. खरेदीदाराचा वकील पहिल्या दिवशी हेच काढतो.

क्रम असा ठेवा. आधी सातबारा, ८-अ आणि जुने फेरफार काढून मृतांच्या वारस नोंदी पूर्ण करा. मग सहहिस्सेदारांशी बोलून नोंदणीकृत वाटप किंवा हक्कसोड पत्र करा. त्यानंतर मोजणी आणि शेवटी स्वतंत्र सातबारा. साध्या कागदावरच्या "आमची काही हरकत नाही" या सह्यांचा उपयोग नाही.

सह्यांसाठी दोनच हंगाम : गणपती आणि मे महिना. गणपतीत सगळे चाकरमानी एका छपराखाली असतात, पण चतुर्थीला नोंदणी कार्यालय बंद असते आणि पाच दिवसांनी निम्मे लोक परतीच्या गाडीत बसतात. म्हणून मसुदा जुलैतच सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा, दुय्यम निबंधकांकडची वेळ चतुर्थीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवसाची घ्या, आणि आरतीनंतर हा विषय काढून चर्चेला बसू नका. ती चर्चा पहाटेपर्यंत जाते आणि निष्पन्न काहीच होत नाही.

इतर हक्काचा रकाना वाचा. तिथे कुळाचे नाव, बोजा किंवा कूळकायद्याच्या कलम ४३ चा (परवानगीशिवाय विकता येत नाही असा) शेरा असू शकतो. जमीन कूळकायद्याने मिळालेली असेल तर १० वर्षे झाल्यावर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून विक्रीचा मार्ग खुला होतो, पण ते तहसील कार्यालयातून आधी करून घ्यावे लागते. शेतजमीन विकत घेणारा सर्वसाधारणपणे शेतकरी असावा लागतो. कारखान्याची जागा बिनशेती करून ठेवली असेल तर खरेदीदारांची संख्या वाढते.

एमआयडीसीतला भूखंड असेल तर यातले काहीच नाही. तो भाडेपट्ट्याचा असतो. हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी आणि त्यांचे शुल्क लागते. ते शुल्क कोण भरणार हे किंमत ठरवतानाच बोला.

कारखाना घराला लागून आहे. घर ठेवायचे आहे.

मग विक्रीनंतरही तुम्ही शेजारी आहात. वाट, विहीर आणि धूर या तीन गोष्टी लिहून घ्या. वाटेची रुंदी फुटात लिहा, नकाशा जोडा. बीचा ट्रक वळायला किती जागा घेतो ते प्रत्यक्ष ट्रक आणून बघा. विहीर सामाईक राहणार असेल तर पंप किती अश्वशक्तीचा, किती वाजता चालणार, आणि एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेले तर आधी कोणाचे, हे लिहा. टरफले जाळून बॉयलर पेटवत असतील तर चिमणीची उंची बघा. स्वतःच्या कारखान्याचा धूर वीस वर्षे कोणाच्या नाकात जात नाही. दुसऱ्याचा झाला की पहिल्या दिवसापासून जातो.

परवाने आपोआप नव्या मालकाकडे जातात का?

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे शेअर विकले तर कंपनी तीच राहते, म्हणून बहुतेक परवाने चालू राहतात. संचालकांची नावे कळवावी लागतात. प्रोप्रायटरी धंद्याचे तसे नाही. जीएसटी नोंदणी, उद्यम नोंदणी, खाद्य परवाना हे सगळे तुमच्या पॅनला आणि नावाला जोडलेले. नव्या मालकाला ते नव्याने काढावे लागतात. ताब्याच्या किमान दोन महिने आधी त्याने अर्ज करावेत, नाहीतर यंत्रे सुरू आणि पिशवीवर छापायला परवाना क्रमांक नाही अशी गत होते. जुन्या क्रमांकाच्या छापील पिशव्या किती उरल्या तेही मोजा. ट्रेडमार्कचे हस्तांतरण स्वतंत्र दस्ताने होते. अनुदान घेऊन यंत्रे बसवली असतील तर मंजुरीपत्राच्या अटी वाचा. काही योजनांत ठरावीक वर्षे यंत्र विकता येत नाही.

कर किती लागेल?

कसे विकता यावर. चालता धंदा पूर्णपणे एका रकमेला दिला तर त्याला स्लम्प सेल म्हणतात (मालाची किंमत वेगळी लिहिल्यावर हे लागू होते का, ते सीएला विचारा). धंदा ३६ महिन्यांपेक्षा जुना असेल तर नफा दीर्घकालीन धरला जातो आणि त्यावर १२.५ टक्के, अधिक अधिभार व उपकर. नफा काढताना धंद्याची निव्वळ पुस्तकी किंमत वजा होते आणि त्यासाठी सीएचा अहवाल लागतो. चालता धंदा दिल्यास त्यावर जीएसटी नाही. शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ फॉर्मने नव्या मालकाकडे देता येते.

सुटे सुटे विकले तर चित्र पालटते. घसारा घेतलेल्या यंत्रांवरचा नफा यंत्र कितीही जुने असले तरी अल्पकालीन धरला जातो, मालावरचा नफा धंद्याच्या उत्पन्नात येतो आणि यंत्रविक्रीवर जीएसटी लागतो. जमीन-इमारत वेगळी विकून दीर्घकालीन नफा झाला तर ६ महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी संस्थांच्या बाँडमध्ये ५० लाखांपर्यंत गुंतवून कर वाचवता येतो. ते पैसे ५ वर्षे अडकतात.

आगाऊ कर विसरू नका. जानेवारीत विक्री झाली तर १५ मार्चच्या हप्त्यात तो भरायचा आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे जुन्या मसुद्यातली कलमे तशीच उतरवू नका.

खरेदीदाराचा सीए नेमके काय शोधतो?

काजूत पहिली गोष्ट म्हणजे रिव्हर्स चार्ज. शेतकऱ्याकडून अख्खी बी घेतली तर तिच्यावरचा जीएसटी खरेदी करणाऱ्या नोंदणीकृत कारखानदाराने स्वतः भरायचा असतो आणि तसे बिल स्वतःच्या नावे करायचे असते. कित्येक कारखान्यांत हे वर्षानुवर्षे झालेले नसते. "नंतर क्रेडिट मिळतेच ना" हे खरे असले तरी न भरलेल्या कराचे व्याज आणि दंड उभेच राहतात. धंदा हस्तांतरित झाल्यावर आधीच्या थकीत जीएसटीला विक्रेता आणि खरेदीदार दोघेही जबाबदार असतात, म्हणून हा मुद्दा निघाला की खरेदीदार किमतीतून मोठी रक्कम अडवून ठेवतो. भविष्य निर्वाह निधीच्या थकबाकीचेही तसेच. विक्री काढायच्या आधी हे स्वतः साफ करा, स्वस्त पडते.

काही रक्कम रोखीत द्यायची म्हणतात.

नाही म्हणा. एका व्यवहारात २ लाख किंवा अधिक रोख घेतली तर घेतली तितकाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. शिवाय करारातली किंमत कमी लिहिली की उद्या हप्ता बुडाला तर कोर्टात मागायला तेवढीच रक्कम उरते.

कामगारांना कधी सांगायचे? त्यांच्या पैशाचे काय?

विसार हातात पडल्यावर आणि ताब्याच्या महिनाभर आधी, तुम्ही स्वतः, सगळ्यांना एकदम. सोलणीच्या बायकांना बाजारात कळले तर दुसऱ्या दिवशी निम्म्या पलीकडच्या कारखान्यात गेलेल्या असतात, आणि हाताने गर न फोडता सोलणारी माणसे हीच खरेदीदाराच्या दृष्टीने निम्मी किंमत असते.

दहा किंवा अधिक कामगार असतील तर पाच वर्षे झालेल्यांचे ग्रॅच्युइटीचे देणे मोजा. महिन्याच्या शेवटच्या वेतनाला २६ ने भागा, १५ ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणा. महिना १०,४०० रुपये आणि १२ वर्षे म्हणजे ७२,००० रुपये. हे तुम्ही देऊन मोकळे होणार की नवा मालक जुनी सेवा धरून पुढे नेणार, हे करारात नावांच्या यादीसह लिहा. गणपतीला दिलेल्या उचलीची यादीही जोडा. ती उचल कोण वळती करून घेणार हे न लिहिल्यामुळे पहिल्याच पगाराला नव्या मालकाशी वाजते.

पैसे हप्त्याने देतो म्हणतात. मान्य करावे?

थोडे चालतील. ताब्याच्या दिवशी तीन चतुर्थांश तरी खात्यात जमा असावेत. उरलेल्याला बँक हमी किंवा तारण घ्या. पुढच्या तारखांचे चेक हे तारण नव्हे. "पुढच्या वर्षी नफा इतका झाला तर जास्तीचे देऊ" ही अट काजूत फार बेभरवशाची आहे. एका हंगामात अवकाळी पावसाने मोहोर गेला की नफा जातो आणि त्यात तुमचा किंवा त्याचा काही दोष नसतो. अट घालायचीच तर नफ्यावर नको, जुन्या ग्राहकांना गेलेल्या किलोंवर घाला. किलो मोजता येतात, नफा लपवता येतो.

पुन्हा काजूत उतरायचे नाही अशी अट टाकतात. कायद्याने चालते का?

१८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ धंद्याला बंदी घालणारे करार रद्दबातल ठरवते, पण नावलौकिकासह धंदा विकला असेल तर ठरावीक भागापुरती वाजवी बंदी चालते. म्हणून भाग आणि काळ दोन्ही नेमके लिहून घ्या : कोणते तालुके, किती वर्षे. "काजू व संबंधित सर्व व्यवसाय" असे लिहिले तर स्वतःच्या बागेतली बी विकतानाही प्रश्न येईल. मुलाचे नावही त्यात घातलेले नाही ना, ते बघा.

होमस्टे विकायचा असेल तर?

वरचे जमिनीचे सगळे लागू. शिवाय भरतीच्या रेषेपासूनचे अंतर मंजूर सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्राच्या) नकाशावर बघा. मालवण-तारकर्लीकडे कितीतरी खोल्या त्या रेषेच्या चुकीच्या बाजूला आहेत आणि अशा खोलीची किंमत फक्त पत्र्यांची. पुढच्या तारखांचे घेतलेले आगाऊ पैसे नव्या मालकाला द्यायचे असतात हेही विसरू नका.

पैसे आले. आता कुठे ठेवायचे?

पहिले सहा महिने काहीच करू नका, फक्त कराची रक्कम बाजूला काढा. बँकेतल्या ठेवीला विमा आहे, पण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाहीच, व्याज कितीही गोड असो आणि अध्यक्ष कितीही जवळचे असोत. साठी ओलांडली असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. तीन वर्षांचा घरखर्च सहज मोडता येईल असा ठेवा. बाकीचा विचार पुढच्या पावसाळ्यात.

उसने मागायला येणाऱ्यांसाठी एक आकडा आधीच ठरवा, घरच्यांसमोर, आणि तो परत येणार नाही असे धरूनच द्या. तो संपला की संपला. "पैसे बाँडमध्ये अडकलेत" हे खरे उत्तर असते आणि ते नातेही तोडत नाही.

सगळे सुरळीत झाले, तरी करमत नाही. असे का?

कारण विकले त्यात पैशाशिवाय आणखी तीन गोष्टी गेल्या. रोज सकाळी कुठे तरी जायचे असणे, लोकांनी सल्ला विचारणे, आणि गावात "कारखानेवाले" म्हणून असलेली ओळख. पहिले दोन-तीन महिने विश्रांतीत, देवदर्शनात, दुबई-सिंगापूरच्या सहलीत जातात. खरा त्रास पहिल्या मार्चमध्ये होतो. बागांतून बी यायला लागते, दर रोज हलतो, टेम्पो दारावरून पुढे जातात आणि तुम्हाला कोणी विचारत नाही. त्या महिन्यात बरेच जण घाईने नवा धंदा काढतात.

यावर उपाय विक्रीआधीच करायचा. ताब्याच्या सहा महिने आधीपासून आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्या कशात तरी घाला, आणि त्यात तुमच्यावाचून कोणाचे तरी अडेल इतकी जबाबदारी घ्या. गावच्या वाचनालयाचा हिशेब, हायस्कूलच्या शाळा समितीचे काम, बचत गटाच्या बायकांना ग्रेडिंग आणि किंमत काढायला शिकवणे, यातले काहीही. नुसते "सल्लागार" किंवा "प्रमुख पाहुणे" होऊन भागत नाही. हार गळ्यात पडतो आणि दुपारी पुन्हा घरी बसायचे. करारात अट असेल तिथपर्यंत काजू शिकवणे चालते का, तेही विचारून घ्या.

घरातही बोला. पती किंवा पत्नी वीस वर्षे ग्रेडिंगच्या टेबलावर बसलेली असेल तर रिकामपण दोघांचे आहे, आणि ते बहुधा एकाचेच विचारात घेतले जाते. दिवसभर घरात बसून स्वयंपाकघराचे व्यवस्थापन हाती घेऊ नका. झोप उडाली, भूक गेली, दारू वाढली असे महिनाभर चालले तर डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचीही सोय असते.

बाग लावावी म्हणतो. निवांत काम आहे.

काम चांगले आहे, निवांत नाही. काजूची कलमे ७ बाय ७ मीटरवर लावली तर हेक्टरी सुमारे २०० बसतात. हापूस १० बाय १० वर १००. खड्डे मेमध्ये, लागवड पावसाच्या सुरुवातीला. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी, गुरांपासून कुंपण आणि डिसेंबर-जानेवारीत वणव्याच्या आधी गवत कापून पट्टा काढणे, हे चुकले तर कलमे जातात. काजू तिसऱ्या वर्षी थोडा धरतो, हापूस त्याहून उशिरा. हापूस पुढे फवारण्या, राखणदार, पेट्या आणि दलाल घेऊन येतो, म्हणजे नुकताच विकला तसाच एक धंदा. मन रमवायचे असेल तर अर्ध्या एकरापासून सुरू करा, आणि त्यात कोकम, जायफळ, मिरी मिसळा. उत्पन्नावर घर चालवायचे नसल्याने मोहोर जळला तरी रात्री झोप लागते, हा विकलेल्या माणसाचा खरा फायदा.

नवा मालक चुकीच्या दराने बी घेतोय, जुन्या बायकांना तोडतोय. सांगावे का?

हस्तांतरणाच्या काळात, साधारण एक हंगाम, करारात ठरलेले दिवस जा आणि विचारले तेवढे सांगा, शक्यतो लेखी. तो काळ संपला की किल्ल्यांचा जुडगा, गोदामाची जादा चावीसुद्धा, देऊन टाका. हप्ते बाकी असतील तर तेवढ्यापुरता महिन्याचा हिशेब मागण्याचा हक्क करारात ठेवा आणि शंका तिथेच काढा, चहाच्या टपरीवर नको. कामगार गाऱ्हाणे घेऊन दारात आले तर ऐकून घ्या, पण त्यांच्या वतीने भांडायला जाऊ नका. देणे राहिले असेल तर करारातली यादी काढून त्यांना दाखवा आणि कामगार कार्यालयात अर्ज लिहायला मदत करा.